भिंतीला खालून ओल येते, पेंट फुगून पोपडे निघतात. कोणता वॉटरप्रूफ पेंट मारावा?

कोणताच मारू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की ओल खालून दोन-अडीच फुटांपर्यंतच आहे, वर भिंत कोरडी आहे, दोनदा पेंट करून झालाय आणि आता घरातले म्हणतायत की या वेळी भारीतला पेंट मारू म्हणजे कायमचं मिटेल. हे "कायमचं मिटेल" मी आमच्या घरात तीन वर्षं ऐकलंय, दर वेळी दादाच्या तोंडून, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मागच्या खोलीची भिंत अशीच होती. दादाने बाहेरच्या बाजूने भिंतीला लागून गुलाबांचा वाफा केला होता, विटांची कड लावून आत माती. वाफा सुंदर होता, ते मी कधीच नाकारलं नाही. पण दर वर्षी त्यात थोडी माती थोडं खत पडत गेलं आणि तो जोत्याच्या वर कधी गेला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग आत पेंट फुगायला लागला. पहिल्यांदा खरवडून पुट्टी आणि पेंट. दुसऱ्यांदा वॉटरप्रूफ प्रायमर आणि महागातला पेंट. तिसऱ्यांदा गवंडी म्हणाला तीन फुटांपर्यंत केमिकलचा कोट मारू, मग पाण्याची काय बिशाद. मारला. चार महिने भिंत झकास, दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन दाखवायचा, आणि मग त्या कोटच्या बरोब्बर वर, साडेतीन फुटांवर, नवीन डाग.

हे असंच होणार होतं. वीट पाणी शोषते आणि दिव्याच्या वातीसारखं वर चढवते. साधारण तीन फुटांपर्यंत चढून ते पाणी भिंतीतून हवेत उडून जातं, पण सोबत आलेले क्षार मागे राहतात. ते पांढरं पीठ दिसतं ना, लोणा, तो हाच. क्षारांचे खडे पेंटच्या आणि प्लास्टरच्या मागे फुगतात आणि त्याला ढकलून पाडतात. तुम्ही आतून सील केलं की पाणी यायचं थांबत नाही, फक्त त्याची उडून जायची जागा बंद होते, मग ते आणखी वर जाऊन बाहेर पडतं. पाणी येतंय बाहेरून आणि आपण झाकण लावतोय आतून.

वाफ्याचं मला कसं कळलं ते सांगते. एकदा कपाट सरकवलं तेव्हा दिसलं की ओल भिंतभर नाहीये, एका जागी येऊन संपते. टेपने मोजलं, कोपऱ्यापासून आठ फूट. बाहेर जाऊन वाफा मोजला. आठ फूट. मी त्याच संध्याकाळी सांगितलं, तर दादा म्हणाला, "झाडांच्या पाण्याने कुठे भिंती ओल्या होतात का, तुला काय कळतंय बांधकामातलं?" गवंडी तिथेच उभा होता, तो पण हसला. आई म्हणाली, जाऊ दे, वाद नको. पण मी जाऊ दिलं नाही. दोन दिवस एकटीने फावडं घेऊन वाफा उपसला, गुलाब कुंड्यांत हलवले (दोन सोडून सगळे जगले), आणि माती खाली गेल्यावर भिंतीत डीपीसीचा थर दिसला. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर जो थर घालतात तो. चांगला वीतभर मातीत गाडलेला! माती त्याच्या वरून भिंतीला चिकटलेली असेल तर तो थर असून नसल्यासारखा. बाहेरची माती किंवा फरशी त्याच्या खाली किमान सहा इंच हवी, कारण पाऊस जमिनीवर आपटून भिंतीवर उडतो, तेवढी जागा सोडावीच लागते. आणि उतार भिंतीपासून लांब.

तर तुमचं पहिलं काम म्हणजे पेंटच्या दुकानात जायच्या आधी बाहेर जाऊन त्या भिंतीच्या मागे काय आहे ते बघणं. वाफा, मातीचा ढीग, नवीन फरशी टाकून उंच झालेलं अंगण, तुंबलेलं गटार, गळका पन्हळ.

वाफा काढून पंधरा दिवस झाले आणि दादाने जाहीर केलं, "बघ, ओल आहे तिथेच आहे." इथेच लोक चुकतात. भिंत सुकायला ढोबळ हिशोब इंचाला एक महिना, आमची भिंत नऊ इंची. मी ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायला लागले, दर महिन्याला एक. पहिले दोन महिने रेघ हललीच नाही, तेव्हा मला रात्री झोप लागत नव्हती. नंतर ती उतरायला लागली. केमिकल कोट आणि आतलं प्लास्टर मी मध्येच फोडून घेतलं होतं, ओलीच्या एक फूट वरपर्यंत, कारण क्षार बसलेलं प्लास्टर हवेतली ओल ओढतच राहतं, ते ठेवून उपयोग नाही. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतला की विरघळून परत भिंतीत जातो. नवव्या महिन्यात भिंत कोरडी झाली, मग नवीन सिमेंट प्लास्टर, तेही सुकू दिलं, आणि मग साधा पेंट.

त्याला आता पाच वर्षं झाली, एक पोपडा नाही. आणि दादा आजही पाहुण्यांना सांगतो की चौथ्या वेळी पेंट चांगला मिळाला म्हणून टिकला. तुम्हीही हेच करणार असाल तर तारखा लिहून ठेवा, फोटो काढा, नाहीतर श्रेय डब्याला जातं. माझ्या पेन्सिलच्या रेघा कपाटामागे अजून आहेत. तेवढी अरुंद पट्टी मी ना फोडू दिली, ना रंगवू दिली.

आता पेंटचं, कारण तुम्ही तेच विचारलंय. भिंत कोरडी झाल्यावर हवा आरपार जाऊ देणारा कोणताही मॅट पेंट किंवा चुना चालेल, रबरासारखी फिल्म होणारा नको. पेंटच्या खाली पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) किंवा जिप्समची पुट्टी नको, ती ओलीत मऊ पडते.

हे सगळं ओल जमिनीतून येत असेल तरच. डाग भिंतीच्या मध्यावर किंवा छताजवळ असेल, किंवा मागे बाथरूम असेल तर पाइप बघा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्या, दोन तासांनी परत बघा, हललं तर गळती आहे. मीटर नाही हलला तरी सांडपाण्याचा पाइप आणि फरशीचे सांधे राहतातच, ते मीटरला कळत नाहीत. नुसत्या दमट हवेची शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक-दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने थेंब आले तर हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूने आले तर भिंतीतलं पाणी. घर खूप जुनं असेल तर डीपीसीचा थर मुळातच नसू शकतो, मग माझा उपाय अर्धाच लागू पडेल, माती तरी काढाच.

आणि त्या ओल्या पट्ट्यात प्लगपॉइंट असेल तर आजच त्याचा एमसीबी (मेन बोर्डावरचा स्विच) पाडून वीज बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा, बाकी सगळं नंतर.