दुखणारे दात सोडून गप्प दाढेचं रूट कॅनॉल?

चाळिशीच्या एक ताई हातात एक्स-रे घेऊन आल्या, त्या जरा रागातच. "मला त्रास आहे वरच्या उजव्या दातांचा. गार पाणी लागलं की कळ येते. आणि डॉक्टर म्हणतात, खालच्या दाढेचं रूट कॅनॉल करा! ती तर दुखतच नाही. दोन महिन्यांपूर्वी दुखायची, आता अगदी गप्प आहे. न दुखणाऱ्या दाढेला हात कशाला लावायचा?"

(ही हकिगत एकाच व्यक्तीची नाही. हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या अनेकांच्या तक्रारी जोडून ती मांडली आहे.)

'दुखतं का?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. कशाने दुखतं, कारण दूर केल्यावर किती सेकंदांत थांबतं, आपोआप सुरू होतं का, झोपेतून उठवतं का, हे विचारावं लागतं. ताईंना त्या दाढेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली, तेव्हा ती जवळजवळ पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने आली.

सुरुवातीला फक्त गार पाण्याने सणक यायची आणि घोट गिळला की जायची. दाताच्या आतला मऊ भाग, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, त्यात रक्तवाहिन्याही असतात. कीड त्याच्या जवळ पोचली की तो चिडतो. या टप्प्यावर कीड काढून फिलिंग केलं तर तो बहुधा पूर्ववत होतो. रूट कॅनॉलची गरज नसते. ताईंचं इथेच राहून गेलं. सणक क्षणभराची होती, म्हणून त्यांनी त्या बाजूने चावायचं सोडलं आणि दिवस ढकलले.

मग गार पाण्याची कळ रेंगाळू लागली. घोट गिळून झाला तरी ठणका चालूच. साधारण 30 सेकंदांहून जास्त रेंगाळणारी कळ ही धोक्याची खूण मानतात. ही काही दगडावरची रेघ नव्हे, पण 'लगेच जाते' आणि 'मिनिटभर राहते' यातला फरक मोठा आहे. पुढे गरम पेयाने ठणका सुरू व्हायला लागला, आणि रात्री आडवं झालं की दाढेत नाडी उडायला लागली. कारण साधं आहे. बोट सुजलं तर कातडी ताणते. दाताच्या आतला भाग सुजला तर त्याला चारही बाजूंनी टणक भिंती. सूज बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि ठणका उसळतो. उशा रचून बसल्या बसल्या झोपणारा माणूस कधीकधी नुसत्या या एका सवयीवरून ओळखू येतो.

ताई त्या दिवसांत गार पाण्याची बाटली उशाशी ठेवायच्या. तोंडात गार पाणी धरलं की बरं वाटायचं. म्हणजे आधी ज्या गार पाण्याने दुखायचं, त्यानेच आता आराम! अशा दाताची नस सहसा वाचण्याच्या पलीकडे गेलेली असते. कान दुखतोय म्हणून त्या कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आल्या होत्या. खालच्या दाढांची कळ कानात जाते, वरच्या-खालच्या दातांचा घोळही होतो. मात्र ती उजवीकडून डावीकडे सहसा ओलांडत नाही.

त्यानंतर एका सकाळी सगळं थांबलं.

ताईंच्या मते दाढ बरी झाली. प्रत्यक्षात कळ जाणवणारा भागच मेला होता. मेलेल्या भागात रक्तपुरवठा नाही, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशी तिथे पोचत नाहीत. जंतूंना बंद खोली मिळते, आणि ते मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकतात. हे महिनोन् महिने मुकाट चालू शकतं. 'हिरडीवर कधी पुळी येते का?' असं विचारल्यावर ताई थबकल्या. "येते ना. फुटते, तोंड खारट होतं, मग जाते. ती उष्णतेने येते ना?" ती उष्णतेची नव्हती. पू बाहेर पडायला वाट मिळाली होती, आणि वाट मिळाल्यामुळेच दाब साठत नव्हता, दुखत नव्हतं.

डॉक्टरांनी काय पाहून निदान केलं, तेही ताईंना उलगडून सांगावं लागलं. अतिशय गार केलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या निरोगी दातांवर ठेवतात, म्हणजे त्या व्यक्तीला 'नेहमीचं' किती जाणवतं ते कळतं. मग संशयित दातावर. ताईंच्या शेजारच्या दाढांना गार लागलं, त्या दाढेला काहीच नाही. आरशाच्या दांड्याने हळूच ठोकल्यावर मात्र तीच दाढ वेगळी लागली, 'जरा उंच झाल्यासारखी'. दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची खोली सगळीकडे 2-3 मिलिमीटर, नेहमीइतकीच, म्हणजे दुखणं हिरडीतून आलेलं नाही. पुळीच्या तोंडातून एक बारीक लवचीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला, तर काडीचं टोक थेट मुळाच्या टोकाशी, तिथल्या काळ्या सावलीत गेलं. एवढ्यावर शंका उरत नाही.

सगळ्यांचं चित्र इतकं स्वच्छ नसतं. हाडातली खनिजं बरीच कमी झाल्याशिवाय एक्स-रेवर सावली दिसत नाही, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे निर्मळ आणि माणूस रात्रभर जागा, असंही होतं. दाढेच्या मुळांत नस असलेल्या सहसा तीन-चार नळ्या असतात. एकीतली नस जिवंत आणि बाकीच्या मेलेल्या असल्या तर गार बोळ्याची चाचणी फसते. म्हणून नुसता एक्स-रे किंवा नुसतं 'दुखतंय' यावर रूट कॅनॉल ठरवू नये. 'गार चाचणी केली का, ठोकून पाहिलं का, शेजारच्या दातांशी ताडून पाहिलं का?' हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. तपासणीआधी वेदनाशामक घेतलं असेल तर वेळ आणि मात्रा सांगावी. गोळीच्या अमलाखाली चाचण्या खोटी उत्तरं देतात.

चावल्यावर कळ आली म्हणजे रूट कॅनॉलच, असंही नाही. नवं फिलिंग किंचित उंच राहिलं तरी चावताना दुखतं, आणि ते घासून काही मिनिटांत ठीक करता येतं. चावण्यापेक्षा दाब सोडताना तीक्ष्ण कळ येत असेल तर दाताला तडा गेल्याचा संशय घ्यावा. वरच्या बऱ्याच दाढा एकदम जड लागतात, वाकल्यावर जास्त, आणि नाक चोंदलेलं आहे, तर आधी सायनस पाहावं. उलट, जुना मार बसलेला पुढचा दात काहीही न दुखता राखाडी पडत जातो. तो दाखवायला हवा, मार बसून वर्षं लोटली असली तरी. आणि जिना चढताना किंवा श्रम केल्यावर जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, तर दाताच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे, तेही त्याच दिवशी. विश्रांतीनेही थांबलं नाही तर तडक रुग्णालयात.

"मग प्रतिजैविकांचा कोर्स करते ना," ताई म्हणाल्या. याआधी त्यांनी दोनदा तो केला होता. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नळीत रक्त जातच नाही. म्हणून पुळी बसते, उगम तसाच राहतो, काही आठवड्यांनी पुळी परत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: प्रतिकारशक्ती नीट असलेल्या प्रौढांमध्ये अशा बहुतेक दुखण्यांना प्रतिजैविकं नकोत, दातावर प्रत्यक्ष उपचार हवेत. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी. आणि सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड झाला, तर दातांच्या भेटीची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरायचा प्रकारही सोडून द्यावा. त्याने हिरडी भाजते, दाताला काही फायदा होत नाही.

ताईंची खरी भीती वेगळीच होती, आणि ती शेवटी निघाली: "जिवंत नस ओढून काढतात म्हणे." त्यांच्या दाढेत जिवंत असं फार उरलंच नव्हतं. अशा दाताला भूल सहसा चांगली लागते. भूल हटवादीपणे लागत नाही ती ठणक्याच्या ऐन भरातल्या खालच्या दाढेला, आणि तिथे डॉक्टर जादा भूल वेगळ्या जागी देतात. पुढचं काम असं: रबराचा पडदा लावून दात वेगळा करायचा, वरून छिद्र, नळ्या शोधायच्या, मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत त्या साफ करायच्या, जंतुनाशक द्रावणाने पुन्हापुन्हा धुवायच्या आणि रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करायच्या. एक ते दोन बैठका, कधी जास्त. नंतर दोन-चार दिवस चावताना हुळहुळतं. दाढ असेल तर वर कॅप लवकर बसवावी. पुष्कळदा रूट कॅनॉल उत्तम झालेलं असतं, कॅप 'बघू पुढे' म्हणून राहते, आणि पोखरलेली दाढ उभी चिरते. तशी चिरली की काढण्यावाचून इलाज नसतो.

पर्याय विचारले तर तेही सांगितले पाहिजेत. दात काढणे हा एक. नस जिवंत असताना रुग्ण आला तर फक्त वरचा सुजलेला भाग काढून बाकीची नस राखण्याचा उपायही काही वेळा जमतो. या दाढेला तो आता लागू नव्हता. काहीच न करणे हाही पर्यायच, फक्त हाड झिजत राहणार आणि पुढची सूज कधी येईल ते आपल्या हातात नाही, हे समजून घेतलेलं असावं.

ताईंनी दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार कळवला. हाडातली सावली लगेच जात नाही. एक वर्षाने एक्स-रे काढून ताडून पाहायचं, काहींना पूर्ण भरायला त्याहून जास्त काळ लागतो, हेही त्यांनी लिहून घेतलं.

राहिले वरचे दात, ज्यांच्यासाठी त्या खरं तर आल्या होत्या. गार बोळा लागताच त्यांनी मान मागे घेतली, आणि बोळा काढताच कळ संपली. सुळा आणि त्यामागचे दोन दात, तिन्हींना एकसारखं. हिरडी मागे सरून मुळं उघडी पडलेली, ब्रश कडक आणि हात जोराचा. नस ठणठणीत, रूट कॅनॉलचा प्रश्नच नव्हता. मऊ ब्रश, हलका हात, पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दिवसातून दोनदा, थुंकून झाल्यावर खळखळून चूळ भरायची नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे. तोवर त्या दातांची कळ रेंगाळायला लागली, किंवा तिघांपैकी एकच दात जास्त बोलायला लागला, तर तपासणीची वाट न बघता यायचं.