नळी निघाली, आता पुढे?

प्रोस्टेटचा कॅन्सर ऑपरेशनने काढल्यानंतर लघवीच्या तक्रारींचं काय करायचं, आणि पुढे आणखी उपचार लागतात का, याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न आज घेतो. बऱ्याच पत्रांमध्ये एक भीती आहे, कुणी ती लिहिली आहे, कुणी नाही: लघवी गळतेय, म्हणजे कॅन्सर आत राहिला असेल. तसं नसतं. गळण्याचं कारण ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या स्नायूंत असतं. कॅन्सर राहिला आहे का, हे रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून येणारं प्रथिन, सांगतो. एकाची काळजी दुसऱ्यात मिसळली की दोन्हींचे उपचार चुकतात.

प्रश्न : वय ६७, डोंबिवली. बँकेतून निवृत्त. रोबोटिक ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, लघवीची नळी दहाव्या दिवशी काढली. रात्री कोरडा असतो, पण सकाळी उभा राहिलो की गळायला लागतं, संध्याकाळी जास्तच. दिवसाला चार-पाच पॅड लागतात, म्हणून पाणी पिणं कमी केलंय. हे असंच राहणार का?

रात्री कोरडे राहता, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. लघवी धरून ठेवायला पुरुषाला दोन स्नायू असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटला लागून. प्रोस्टेट काढताना त्याचं काम बहुतांशी संपतं. दुसरा प्रोस्टेटच्या खाली, जो आपण स्वतः आवळू शकतो. इतकी वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम आता या एकट्यावर आलं आहे. आडवं पडल्यावर त्याच्यावर भार कमी येतो, म्हणून रात्र कोरडी जाते. उभं राहताना, खोकताना, भाजीची पिशवी उचलताना पोटातला दाब वाढतो आणि लघवी निसटते. संध्याकाळपर्यंत तो दमतो. दीड महिन्याला हे अगदी नेहमीचं आहे. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक जाणवतो आणि सुधारणा वर्षभर होत राहते.

पाणी मात्र आजपासून पूर्ववत करा. पाणी तोडल्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि उलट वारंवार जावंसं वाटतं. जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्याचा ताण नेमका त्याच स्नायूंवर येतो. हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर प्या, उन्हाळ्यात थोडं जास्त. रात्रीच्या जेवणानंतर कमी करा. चहा-कॉफी दिवसाला एक-दोन कपांवर आणा. या एका बदलाने कित्येकांचा एखादा पॅड कमी होतो. सिगारेट ओढत असाल तर ती सोडण्याला आता खोकल्याचंही कारण आहे.

आता व्यायाम. बरेच जण तो करतात, पण चुकीचा करतात: पोट आणि ढुंगण आवळतात, श्वास कोंडतात. चारचौघांत वात रोखताना जे आवळतो ते, आणि त्याच वेळी अंडकोश किंचित वर उचलला जातोय असं वाटलं पाहिजे. श्वास चालू ठेवा. पाच सेकंद आवळा, तेवढाच वेळ सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, शेवटी उभं राहून, कारण गळतं ते उभं असताना. आणि खुर्चीतून उठण्याआधी, शिंकण्याआधी आवळायची सवय लावा. माझ्या मते मोजून केलेल्या व्यायामाइतकंच हेही महत्त्वाचं आहे. लघवी करताना मध्येच धार तोडण्याचा व्यायाम रोज करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. जमतंय की नाही कळत नसेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट मुंबईत आहेत, दोन-तीन भेटींत शिकवतात.

पॅड मोजू नका, त्यांचं वजन करा. कुणी दोन थेंबांवर पॅड बदलतो, कुणी भिजून जड झाल्यावर. महिन्यातून एक दिवस चोवीस तासांतले वापरलेले पॅड बंद पिशवीत ठेवून वजनकाट्यावर ठेवा आणि तितक्याच कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पॅड चारच राहिले तरी वजन निम्म्यावर आलेलं दिसतं, आणि धीर येतो.

प्रश्न : दहिसर, वय ७१. ऑपरेशनला चार महिने झाले. दोन महिन्यांपूर्वी गळणं जवळपास थांबलं होतं. आता धार बारीक झाली आहे, जोर करावा लागतो, आणि नंतर थेंब-थेंब परत सुरू झालंय. व्यायाम वाढवू का?

नाही. व्यायाम थांबवून या आठवड्यातच तुमच्या यूरोलॉजिस्टना दाखवा. मूत्राशय आणि मूत्रनलिका जिथे टाक्यांनी जोडतात तिथे व्रण आकसून वाट अरुंद झाल्याची ही लक्षणं वाटतात. मूत्राशय भरलेलंच राहतं आणि वरचं सांडतं. बाहेरून ते गळण्यासारखंच दिसतं. धारेचा वेग मोजणं, सोनोग्राफीवर उरलेली लघवी पाहणं आणि दुर्बिणीने जोड पाहणं एवढ्यात निदान होतं. वाट रुंद करता येते किंवा दुर्बिणीतून छेद देऊन मोकळी करता येते. काहींना ते पुन्हा करावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

लघवी पूर्ण तुंबली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा. पिंढरी किंवा एक पाय सुजला तरीही. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर ओटीपोटात द्रव साठूनही पाय सुजतो.

प्रश्न : लालबाग. मिस्टरांच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. घराबाहेर पडत नाहीत. गणपतीतही खाली मंडळात गेले नाहीत. वास येईल म्हणतात. डायपरचं नाव काढलं की चिडतात. आमची चाळ आहे, संडास गॅलरीच्या टोकाला. मुलगा-सुनेसमोर विषय काढू देत नाहीत.

ताई, आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला हे किती लागतं ते मी रोज पाहतो. त्यांच्या चिडण्यामागे लाज आहे, तुमच्यावरचा राग नाही.

डायपर हा शब्दच सोडा. पुरुषांसाठी छोटे पॅड मिळतात, पुढच्या बाजूला अंडरवेअरमध्ये चिकटवायचे. अंडरवेअर घट्ट हवी, सैल चड्डीत पॅड सरकतो. वास ताज्या लघवीचा फारसा येत नाही, तो तासन्‌तास तशाच ठेवलेल्या पॅडचा आणि गडद लघवीचा येतो. तीन-चार तासांनी बदलणं, पाण्याने धुऊन कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावणं पुरतं. पावसाळ्यात जांघा ओलसर राहून बुरशी येते, तेव्हा जास्त जपा. गॅलरीच्या टोकापर्यंत घाई करताना सगळं सांडतं. घरात पडद्याआड युरिन पॉट ठेवा, रात्री तर नक्कीच.

बाहेर पडायची सुरुवात लहान ठेवा. लोकलमध्ये संडास नसतो, ही भीती खरी आहे. म्हणून आधी घराजवळच एक फेरी, मग गर्दी नसताना धीम्या गाडीने दोन-तीन स्टेशनं, निघण्याआधी लघवीला जाऊन, गडद पँट आणि पिशवीत दोन जादा पॅड घेऊन. गावी जाण्यासारखा लांबचा प्रवास असेल तर कंडोम कॅथेटर (कंडोमसारखं बाहेरून चढवायचं, नळी जोडलेलं आवरण) आणि मांडीला बांधायची पिशवी केमिस्टकडे मिळते. तेवढ्या वेळेपुरती ती फार उपयोगी आहे. लिंगाला बाहेरून लावायची क्लॅम्पही (चिमटा) मिळते, पण ती दोन तासांच्या आत सैल करावी लागते आणि झोपताना कधीच लावायची नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पुढच्या ओपीडीला त्यांच्यासोबत तुम्ही जा. हे पुरुष डॉक्टरांसमोर ‘ठीक आहे’ म्हणून उठतात. तुम्ही सांगा की ते जेवत नाहीत, बोलत नाहीत, झोपत नाहीत. त्यांना नैराश्य आलं असेल तर त्यावरही औषध आणि समुपदेशन आहे, आणि ते याच उपचारांचा भाग आहे.

प्रश्न : ठाणे. बाबा ६४ वर्षांचे, ऑपरेशनला सोळा महिने झाले. ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचा गुणांक) ४+३, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी होत्या. पीएसए सुरुवातीला नगण्य होता, मग चार-चार महिन्यांनी ०.०५, ०.११ आणि आता ०.२२. पेट स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर रेडिएशन घ्या म्हणतात. बाबा म्हणतात, आत्ता कुठे एका पॅडवर आलोय, शेक घेतला तर परत बिघडेल. थांबावं का?

थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोस्टेट पूर्ण निघाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पीएसए मोजता येण्याच्या खाली जायला हवा. नंतर तो ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतल्याचं मानतात. म्हणून त्याच लॅबमध्ये एकदा परत तपासा, पण त्यात महिने घालवू नका. बाबांचा आकडा दर चार महिन्यांनी दुप्पट होतोय, हा वेग दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कडेला पेशी सापडल्या होत्या, त्यामुळे आजार प्रोस्टेटच्या जागीच असण्याची शक्यता चांगली आहे, आणि तिथे रेडिएशनने तो समूळ जाण्याची संधी अजून आहे. ही संधी पीएसए ०.५ च्या खाली असताना सगळ्यात चांगली असते. स्कॅन कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका: इतक्या कमी पीएसएला प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनलाही बऱ्याचदा काही दिसत नाही. काही दिसेपर्यंत थांबणं म्हणजे आजाराला वाढायला वेळ देणं.

बाबांची भीतीही खोटी नाही. रेडिएशनने गळण्यातली सुधारणा मंदावते आणि वाट अरुंद होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच आता ऑपरेशननंतर सरसकट लगेच रेडिएशन देत नाहीत. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, रुग्णांवर केलेल्या रॅडिकल्स चाचणीत असं दिसलं की पीएसएवर लक्ष ठेवून, तो वाढला तरच रेडिएशन दिल्याने आजाराच्या बाबतीत तोटा झाला नाही आणि लघवीचा त्रास कमी झाला. बाबांना तो थांबण्याचा काळ मिळाला आणि त्यात ते एका पॅडवर आले. आता पीएसए वाढला आहे, म्हणजे तो काळ संपला.

रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे चालतं. काही ठिकाणी चार आठवड्यांची योजना असते. सोबत हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं का, आणि सहा महिने की दोन वर्षं, हे ग्लीसन आणि पीएसएचा वेग पाहून ठरतं. बाबांचा वेग पाहता हा प्रश्न नक्की विचारा. इंजेक्शनने घाम-गरम वाफा येतात, हाडं विरळ होतात, वजन आणि साखर वाढते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि रोजचं चालणं आधीपासून सुरू करा.

एक व्यावहारिक अडचण. रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं. बाबांनी ठाण्याहून पाणी पिऊन निघू नये. तिथे पोचल्यावर, सांगितलेल्या वेळेआधी प्यावं, आणि गळतं हे टेक्निशियनना पहिल्याच दिवशी सांगावं. ते वेळ जुळवून घेतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हॉस्पिटलची कागदपत्रं जवळ ठेवा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन येतं. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागाला आधी भेटा.

आवळण्याचा व्यायाम रेडिएशनच्या काळातही चालू ठेवा. जळजळ, घाई, पातळ संडास होईल, पण संपल्यावर काही आठवड्यांत बहुधा निवळतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कधीही लघवीतून रक्त गेलं तर ‘शेकाचंच असेल’ असं घरी ठरवू नका. रेडिएशनने मूत्राशयाला सूज येऊन रक्त जातं हे खरं, पण मूत्राशयात दुसरं काही नाही ना हे दुर्बिणीने पाहावंच लागतं.

प्रश्न : वसई, वय ६२. पीएसए नगण्य आहे, रेडिएशन लागलं नाही, पण दीड वर्षानंतरही दिवसाला पाच जड पॅड. व्यायाम मनापासून केला. आता हेच नशीब?

अजिबात नाही. वर्षभरानंतर फक्त व्यायामाने मोठा फरक पडण्याची आशा कमी असते, आणि तिथूनच ऑपरेशनचा विचार सुरू होतो. इतक्या पेशंटना कुणी हे सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गळणं थोडं किंवा मध्यम असेल तर मूत्रनलिकेला खालून आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. तुमच्याइतकं असेल तर कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूचं काम करणारं उपकरण, जास्त भरवशाचा आहे. मूत्रनलिकेभोवती पाण्याने भरलेली छोटी वळी, पोटात एक फुगा आणि अंडकोशात पंप. पंप दाबला की वळी सैल होते, लघवी होते, आणि काही मिनिटांत ती आपोआप पुन्हा आवळते. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांनी ते चालू करतात.

आधी दुर्बिणीने वाट अरुंद नाही ना ते पाहावं लागतं, आणि मूत्राशयाचा दाब तपासावा लागतो. मूत्राशय स्वतःच आकुंचन पावत असेल तर त्यावर आधी गोळ्या द्याव्या लागतात. बोटांत पंप दाबण्याइतकी ताकद हवी. उपकरणाचा खर्च लाखांत जातो, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काही वर्षांनी ते बदलावंही लागतं. अशी ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनकडेच जा आणि ‘वर्षाला किती करता’ हे विचारायला संकोचू नका.

बसवल्यानंतर पाकिटात कायम एक कार्ड ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा: कुठल्याही हॉस्पिटलात, कुठल्याही कारणाने नळी घालायची वेळ आली तर आधी वळी सैल करून पंप बंद करायचा. तसं न करता नळी रेटली तर मूत्रनलिका फाटू शकते.