लहानपणी पार्लरमध्ये खेळलेल्या फायटिंग गेमची मजा आता घरी का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की परवा घरच्या टीव्हीवर 'द किंग ऑफ फायटर्स 97' लावला, तोच गेम, तीच पात्रं, पण थोड्या वेळातच कंटाळून बंद केला. मग व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये असं काय होतं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्यापुरतं याचं उत्तर पक्कं आहे. पार्लरमध्ये ज्याच्याशी लढायचं तो खांद्याला खांदा लावून उभा असायचा, डाव त्याच्याकडूनच शिकायचा आणि मग त्यालाच हरवायचं. घरी गेम आहे, तो माणूस नाही.

मी परभणीचा. शाळेची वर्षं 1998 ते 2004 च्या आसपासची. स्टेशन रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं पार्लर होतं. पाटी नाही, दाराला मळका पडदा, आत चार-पाच मशिनी. मशीन म्हणजे सुताराकडून बनवून घेतलेलं प्लायवूडचं खोकं, वरून सनमायका, आत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि एक सर्किट बोर्ड. रुपयाला एक गेम. नाणं टाकायची फट पुढं बिघडली, तेव्हा मालक, म्हणजे आमचे चाचा, रुपया हातात घ्यायचे, खालचं छोटं दार किल्लीनं उघडायचे आणि आतलं बटण बोटानं दाबून क्रेडिट पाडायचे. त्या आवाजाला आम्ही सगळे वळून बघायचो, कारण त्याचा अर्थ नवा गडी आला.

गर्दी दोन मशिनींवर. एक 'मुस्तफा'. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 चा गेम, पण ते नाव आमच्याकडं कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक, पिवळी टोपी घालणारा, आणि अख्ख्या गेमला त्याचंच नाव पडलं. पण मुस्तफात दोघं मिळून गुंडांना मारतात, तो दोस्तीचा गेम. दुसरी मशीन 'किंग ऑफ फायटर्स 97' ची, म्हणजे केओएफ 97 ची, आणि तिथं एकमेकांना मारायचं.

केओएफच एवढा का चालला, याचं एक कारण कुणी फारसं सांगत नाही. ते रुपयाचं आहे. कॅपकॉमच्याच 'स्ट्रीट फायटर' या लढतीच्या गेममध्ये तीनपैकी दोन राउंड हरलात की संपलं. समोर मुरलेला खेळाडू असेल तर मिनिटभरात रुपया गेला. केओएफमध्ये तुम्ही तीन गडी निवडता, आणि तिघंही पडेपर्यंत तुम्ही उभे असता. म्हणजे कितीही वाईट खेळलात तरी रुपयात तीन लढती नक्की. दिवसाला एकच रुपया मिळणाऱ्या पोराला हा हिशोब फार मोठा होता. शिवाय जिंकणाऱ्या गड्याची ताकद पुढच्या लढतीआधी थोडीशीच भरून येते, पूर्ण नाही. त्यामुळं दोन गडी गमावलेला पोरगा तिसऱ्या गड्यावर समोरच्या तिघांना एकापाठोपाठ पाडू शकायचा. असं झालं की बाकीच्या मशिनी ओस पडायच्या. सगळे मागं येऊन उभे राहायचे, आणि चाचा गल्ला सोडून बघायला यायचे.

जिंकेल तो राहणार, हरेल तो उतरणार. जिंकणाऱ्याला पुन्हा पैसे नाहीत, त्याला आव्हान देणाऱ्यानं रुपया टाकायचा. नंबर लावायचा तर रुपया स्क्रीनखालच्या पट्टीवर ठेवायचा. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी त्या जिंकणाऱ्याची ऐट असायची, आणि ती त्याची हक्काची होती. चांगला खेळणारा एका रुपयावर दुपार काढायचा.

आता शिकण्याचं सांगतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथं आहे.

मशीनवर कुठलीही सूचना नव्हती. पुस्तक नाही, इंटरनेट नाही. चार बटणं आणि एक स्टिक: हलका पंच, हलकी किक, जोरदार पंच, जोरदार किक. नव्या पोराला डाव निघायचे नाहीत, म्हणून तो राल्फ किंवा लोखंडी गोळा फिरवणारा चांग घ्यायचा. या दोघांचं एक बरं असतं, पंचाचं बटण भराभर दाबत राहिलं की काहीतरी निघतंच. मीही राल्फच घ्यायचो. आणि आमच्या पार्लरचा राजा होता पंक्चरच्या दुकानात काम करणारा एक पोरगा. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, शाळा कधीच सुटलेली, बोटांना कायम सोल्युशनचा वास. तो लाल केसांचा आयोरी यागामी घ्यायचा, आणि त्याच्या आयोरीसमोर मोठी मोठी पोरं नंबर सोडून द्यायची.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि स्टिक फिरवून दाखवली. "जल्दी नक्को कर रे छोटे. पयले नीचे, फिर आगे, फिर बटन. बटन आखरी में." मी घाईनं आधीच बटण दाबायचो, म्हणून आग निघायची नाही. मशीन सेकंदाला साधारण साठ वेळा स्टिकची दिशा बघते. खाली, मग तिरकं खाली-पुढं, मग पुढं, आणि त्यानंतर लगेच पंच, हा क्रम तिला ओळीनं सापडला तरच डाव निघतो. मधली तिरकी पायरी वगळली तर नाही. उशीर झाला तर नाही. हे असं शब्दांत मला फार पुढं कळलं. त्या दिवशी मनगटाला कळलं. आयोरीचा तो मोठा डाव, ज्यात तो सरळ धावत येऊन समोरच्याला ओरबाडून काढतो, तो आधी खाली-पुढं, मग पुढून खालून थेट मागं, आणि पंच, असा निघतो. तो जमेपर्यंत मी शाळेत बाकावर, घरी ताटाच्या कडेवर, अंथरुणात मांडीवर अंगठा फिरवत होतो.

काही माहिती तर एसटीनं यायची. ओरोची आयोरी, म्हणजे रक्त चढून पिसाळलेला, वाकून चालणारा आयोरी, मशिनीत लपलेला आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडं औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) गेलेला एक पोरगा ते शिकून आला: निवडीच्या वेळी स्टार्ट दाबून धरायचं, स्टिक डावी-उजवी करत राहायची आणि शेवटी दोन बटणं एकदम. त्यानं ते फुकट सांगितलं नाही, गेम घेतले. आठवड्याभरात सगळ्या पार्लरला पाठ झालं आणि त्याचा भाव उतरला. आज एका शोधात हे सगळं स्क्रीनवर येतं. ते चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण माहिती ज्याच्याकडून यायची त्याच्याशी आपलं काहीतरी जुळायचं, ते शोधातून जुळत नाही.

आमच्याकडं एक स्ट्रीट फायटरची मशीनही होती, थोडी जुनी. तिच्यात रियू हे पात्र हवेत उडता उडता आग सोडायचा, आणि लढतीच्या मधेच स्टार्ट दाबलं की पात्र बदलायचं. कितीतरी वर्षं मला वाटायचं स्ट्रीट फायटर असाच असतो. ती कॅपकॉमची नव्हेच, 'चॅम्पियन एडिशन'ची कुणीतरी फेरफार करून विकलेली नक्कल होती, 'रेनबो एडिशन' या नावानं ओळखली जाणारी. अशा नकला जगभर पसरल्या होत्या. त्यांच्या वेगाला उत्तर म्हणून कॅपकॉमनं डिसेंबर 1992 मध्ये स्वतःची वेगवान 'टर्बो' आवृत्ती काढली. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1987 चा पहिला स्ट्रीट फायटर करणारे ताकाशी निशियामा पुढं केओएफ बनवणाऱ्या एसएनके कंपनीत गेले आणि तिथं त्यांनी 'फेटल फ्युरी' केला. टेरी बोगार्ड हा गडी त्यातलाच, तोच पुढं केओएफमध्ये आला. दोन्ही कंपन्या जपानच्या ओसाका भागातल्या. म्हणजे परभणीच्या गल्लीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन खोक्यांचं मूळ एकाच भागात, आणि काही अंशी एकाच माणसात होतं.

पार्लरमध्ये येणारी पोरं कुठली कुठली होती, तेही सांगायला हवं. आमच्या गल्लीतली पोरं शाळेत एकत्र, पण शाळेबाहेर ज्याचा त्याचा मोहल्ला, ज्याची त्याची कॉलनी. पार्लरमध्ये सगळे एका रांगेत. वकिलाचा मुलगा, भाजीवालीचा मुलगा, मदरशातली पोरं, भीमनगरातली पोरं. बोली मराठी आणि दखनी अशी मिसळलेली, की कोण काय बोलतंय याकडं लक्षच जायचं नाही. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरला की पाळणे आणि मौत का कुआं यांच्या गर्दीत एखाद्या तंबूत गेमच्या मशिनीही लागायच्या. तिथं पूर्णा, जिंतूर, सेलू, थेट नांदेडचीही पोरं यायची. अनोळखी पोराशी पहिली लढत खेळताना छातीत जे व्हायचं, ते मला पुढं कुठल्याच परीक्षेत झालं नाही. नांदेडचा एखादा हरला की आमची पोरं त्याला हमखास ऐकवायची, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!"

घरच्यांना पार्लर आवडत नव्हतं, आणि त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. काही पार्लरांत पुढं पैशांच्या जुगाराची यंत्रं आली, पोलीस यायला लागले, आणि त्यात साध्या गेमचीही बदनामी झाली. एकदा माझे काका मला शोधत आले. "काय करूलालास रे इथं?" माझा शेवटचा गडी चालू होता, समोर दोन शिल्लक. काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "संपू दे तेवढं." मी जिंकलो नाही. घरी जाताना काकांनी विचारलं की ते लाल केसांचं पोरगं कोण होतं.

मग हे बंद का झालं? आधी प्लेस्टेशन आलं. 'टेकन 3' हा लढतीचा गेम लावून तासावर पैसे घेणारी दुकानं निघाली. खुर्च्या होत्या, चित्र चांगलं होतं, पण हिशोब बदलला. तास आधीच भरलेला, आपण आपल्याच मित्राला घेऊन गेलेलो, हरलं तरी उतरायचं नाही. रुपया जाण्याची धास्ती संपली आणि अनोळखी माणूसही संपला. मला वाटतं मजा तिथंच निम्मी झाली. पुढं सायबर कॅफे आले, मग मोबाइल. चाचांनी त्या जागेत मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं.

तरी घरची मजा बरीच परत आणता येते, म्हणून जे उपयोगी पडलं ते सांगतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर बटण दाबलं की जवळजवळ त्याच क्षणी हात हलायचा. आजचे सपाट टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतात आणि गडी उशिरा हलतो. डाव चुकल्यासारखे वाटतात, आणि कंटाळ्याचं एक कारण हे असू शकतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. हाताला जुनी सवय असेल तर गेमपॅडऐवजी आर्केड स्टिक, म्हणजे पार्लरच्या मशिनीसारखी स्टिक, घ्या. 2018 मध्ये 'केओएफ 97 ग्लोबल मॅच' ही अधिकृत आवृत्ती 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली, ती मिळते. ऑनलाइन खेळायचं तर टोनी कॅनन यांनी बनवलेल्या 'जीजीपीओ' या तंत्राबद्दल वाचा. समोरच्याचं बटण पोहोचायच्या आधीच खेळ अंदाजानं पुढं चालू राहतो, आणि अंदाज चुकला तर क्षणात मागं जाऊन दुरुस्त होतो. त्यामुळं दूरचा माणूसही बराच जवळ उभा असल्यासारखा लढतो. स्ट्रीट फायटर तर आता आशियाई खेळांत पोहोचलाय. 2023 मध्ये हांगझोऊला 'स्ट्रीट फायटर 5' ची पदकासाठी स्पर्धा झाली. आमच्या पंक्चरवाल्या राजाच्या काळात असं काही असतं तर मी त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली असती.

पण सगळ्यात आधी एकट्यानं खेळणं थांबवा. शेजारच्या घरातलं एखादं पोरगं बोलवा, भाचा-पुतण्या असेल तर उत्तमच, आणि हरेल तो उठणार हा नियम ठेवा. त्याला सुरुवातीला आयोरी देऊ नका, टेरी द्या. टेरीचे बरेचसे डाव खाली-पुढं किंवा खाली-मागं इतक्यावर निघतात. नाहीच निघाले तर त्याच्या हातावर हात ठेवून स्टिक फिरवून दाखवा, बटण शेवटी.