मनःशांती मिळते कुठे? आमच्या पाटाच्या पाण्यावरून सांगतो

तुम्ही विचारलंय, मनःशांती म्हणजे नेमकं काय, आणि गोव्यातली माणसं सुशेगाद असतात म्हणे, तर पंधरा दिवस इकडे येऊन राहिल्याने मन शांत होईल का?

या की, जरूर या. झोप चांगली लागेल. पण सुशेगाद या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ निवांत असा आहे, आणि ते बिरूद आम्हाला पाहुण्यांनीच जास्त चिकटवलंय. मी फोंडा तालुक्यातला. साडेसातला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हजर व्हावं लागतं आणि त्याआधी कुळागरात एक फेरी. यात निवांत काय ते तुम्हीच शोधा.

माझी अशांती मात्र या कुळागरातलीच होती. कुळागर म्हणजे डोंगराच्या उतारावरची बाग: पोफळी, माड, मध्ये केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. वरच्या झरीचं पाणी पाटाने खाली येतं. आमचा पाट एक आणि वाटेकरी दोन, मी आणि माझा चुलतभाऊ. पावसाळ्यात पाटाकडे कुणी बघत नाही. मार्च उजाडला, झर करंगळीएवढी झाली, की भांडण सुरू. पाणी वळवायला तिथे दार वगैरे नाही. चिखलाचा गोळा आणि केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, लावलं की पाट बंद, काढलं की चालू. म्हणजे रात्रीत कुणी काय केलं याला पुरावा नाही. मी पहाटे पाचला बॅटरी घेऊन ते सोपट कालचंच आहे की नवीन, हे बघायला जायचो. हसू नका, तीन वर्षं हे केलंय. आमचं बोलणं बंद झालं, रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. जणू काही मी ते बाजारातून विकत आणत होतो!

मग कुणीतरी सुचवलं म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला गेलो. पहाटे चारला घंटा, मौन, फोन नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष आणि चौथ्या दिवसापासून अंगातल्या संवेदनांकडे. परत आलो तेव्हा इतका शांत होतो की बायकोला काळजी वाटली. ती शांती दीड दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट कोरडा दिसला आणि मी होतो तसाच.

पण एक गोष्ट तिथून बरोबर आली होती. राग कुठे सुरू होतो ते आता कळायचं. माझे आधी कान तापतात, मग उजव्या हाताची मूठ वळते, शब्द त्यानंतर येतात. कान आणि शब्द यांच्यामध्ये थोडी जागा असते. फार नाही, दोन-तीन श्वासांची. मनःशांती म्हणून मला जे काही ठाऊक आहे ते एवढंच.

आमच्या तालुक्यातल्या कवळे गावच्या शांतादुर्गा देवीचीही गोष्ट अशीच आहे. विष्णू आणि शंकर यांचं युद्ध जुंपलं तेव्हा ती मध्ये उभी राहिली आणि एकेकाला एकेका हातात धरलं, अशी कथा. तिच्या दोन हातांतले दोन साप म्हणजे ते दोघे. लहानपणापासून ती मूर्ती बघतोय, पण सापांना तिने मारलेलं नाही आणि सोडलेलंही नाही, हे माझ्या चाळिशीनंतर लक्षात आलं. तिची स्वतःची कहाणीही काही निवांत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा भक्तांनी तिला केळोशीहून नदीपलीकडे कवळ्याला हलवलं. आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं. शांता हे नाव मिरवणाऱ्या देवीलाही घर सोडावं लागलं होतं.

आमचं कोडं सुटलं ते चतुर्थीला, भर पावसात, पाण्याला तोटा नसताना. गणपती मूळ घरात एकच असतो, त्यामुळे अबोला असला तरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट, दोघांनी मिळून बांधायची. चुलतभाऊ स्टुलावर, मी खालून एकेक जिन्नस वर देतोय. नारळाची पेंड दिली, तोरिंगण म्हणजे पपनस दिलं, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस दिला. ते शिपटं आमच्याच कुळागरातलं, वादातल्या पाण्यावर वाढलेलं. माझे कान तापले. थांबलो, आणि कान निवल्यावर म्हटलं, "पाटाचं एकदा बोलूया का?"

तो काही बोलला नाही. मग वरूनच म्हणाला, "आधी ही गाठ धर."

गाठ धरली. दुसऱ्या दिवशी वहिनीने चहा ठेवला आणि पाळ्या ठरल्या: एक दिवस त्याचा, एक माझा, सूर्य उगवला की पाणी बदलायचं. कागद केला नाही. करायला हवा होता असं बायको अजून म्हणते, आणि तिचं बरोबर असेल.

तेव्हा पंधरा दिवसांचं बुकिंग करण्याआधी तुमचा पाट कुठला ते बघा. ऑफिसात असेल, सोसायटीत असेल, घरात असेल. तो सोबत घेऊन आलात तर आमचा समुद्र काही करू शकणार नाही. आलातच तर कवळ्याला शनिवार-रविवार टाळून जा, गर्दी असते.

गेल्या मे महिन्यात एका पहाटे चुलतभावाची पाळी सुरू व्हायच्या आधीच सोपट काढलेलं होतं. अर्धा तास आधी. मी उभा राहिलो, कान तापले, निवले. आणि तेवढ्यात वरून त्याची हाक आली, "अरे, ते गुरांनी काढलं, मी परत लावतोय!" खरं की खोटं, मी विचारलं नाही. आमच्याकडे गुरं आता कुणाचीच नाहीत.