लहान इंजिनात सुधारणा करायला आता काही उरलंय का? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, चौघांचा ग्रुप आहे, हाताशी १०० सीसीची एक जुनी गाडी आहे आणि गाईडनी ‘लहान इंजिनाची कार्यक्षमता वाढवा’ एवढंच सांगून मोकळं केलंय. दोघांना एचएचओ किट (गाडीच्या विजेने पाणी फोडून निघालेला वायू इंजिनात सोडणारं) बसवायचंय, एकाला पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक लावायचंय. माझं सोलापुरात अक्कलकोट रोडला इंजिन ओव्हरहॉलिंगचं वर्कशॉप आहे. दर जानेवारीत असे ग्रुप दारात उभे असतात, म्हणून आधीच सांगतो: हे दोन्ही सोडा.

चुंबकावर वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी पेट्रोल वाचवणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत, आणि त्यातल्या बोटावर मोजण्याइतक्यांनीच थोडाफार फरक दाखवला.

एचएचओचा हिशोब मात्र एकदा स्वतः मांडा, कारण व्हायव्हात तोच विचारतील. पेट्रोलमधून १०० युनिट उष्णता निघाली तर लहान इंजिन त्यातली २५ शाफ्टवर देतं. ती सगळी मॅग्नेटोला, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या भागाला, दिली तर वीज मिळेल १४-१५ युनिट. त्या विजेने पाणी फोडलं की हायड्रोजनमध्ये राहतात ८-९. तो हायड्रोजन परत त्याच इंजिनात जाळला की हाती येतात दोन. २५ देऊन २ घ्यायचे, हा धंदा कोण करेल?

आता मूळ प्रश्न. लहान इंजिन मुळातच का मार खातं? आपल्या नेहमीच्या ९७.२ सीसी गाडीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५. कारच्या दोन लिटर इंजिनात एका सिलिंडरचा बोअर-स्ट्रोक ८६ मिमी धरा. बोअर आणि स्ट्रोक जवळपास सारखे असले की आकारमानाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ बोअरच्या उलट्या प्रमाणात वाढतं. म्हणजे लहान सिलिंडरमध्ये एकेका सीसीमागे उष्णता पळवणारी भिंत १.७ पट. घासणाऱ्या रिंगांचंही तेच. थोडक्यात, लहान इंजिनाला उष्णता धरून ठेवता येत नाही आणि स्वतःला फिरवण्यातच त्याचा बराच जीव जातो. कंपन्यांनी शंभर वर्षं याच दोन गोष्टींशी झुंज दिली आहे.

जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्याने ज्वलनाची जागा पसरट, त्यामुळे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ६ च्या आसपास अडकायचं. हॅरी रिकार्डो या ब्रिटिश इंजिनतज्ज्ञाने १९१९ च्या सुमारास हेडचा, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाचा, आकार बदलून मिश्रण जोरात घुसळवलं आणि त्याच इंजिनातून जास्त काम काढलं. होंडाने १९८३ मध्ये जीएक्स मालिकेत व्हॉल्व्ह वर नेले, तेव्हापासून फवारणी पंप आणि जनरेटरच्या इंजिनांतून साइड-व्हॉल्व्ह मागे पडत गेलं. बजाजने २००३ मध्ये पल्सरला दोन स्पार्क प्लग दिले, ते आग लवकर पसरावी म्हणून. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. यातली एकही गोष्ट बाहेरून चिकटवलेली नव्हती. सगळी कामं हेडच्या आतली, नाहीतर इंधन देण्याच्या पद्धतीची.

गाडीवरच काम करायचं असेल तर एक विषय देतो, आणि तो आपल्या जिल्ह्याला शोभतोही, कारण उसाचे कारखाने आपल्याकडे पायलीला पन्नास. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई-२०) मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून ई-२० मध्ये साधारण साडेसहा टक्के ऊर्जा कमी. शिवाय शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास पुरते. जुन्या गाडीचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तोच राहिला की मिश्रण पातळ होतं. प्लग काढून बघा: विटकरी दिसायला हवा, तो पांढुरका राखेसारखा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घालायची वेळ आली.

पण इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो, म्हणजे जास्त दाबलं तरी ते आपोआप पेटत नाही, आणि गंमत तिथेच आहे. कॉम्प्रेशन ९ वरून १०.५ वर नेलं तर कागदावर कार्यक्षमता चार टक्क्यांनी वाढते, म्हणजे गमावलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत. ९७.२ सीसीला ९ च्या कॉम्प्रेशनला वरची जागा लागते १२.१५ सीसी, १०.५ ला १०.२३. फरक दोन सीसीपेक्षा थोडा कमी, म्हणजे ५० च्या बोअरवर हेड जवळपास १ मिमी खाली यायला हवं. लेथवर फेसिंग करून मिळतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले थापून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि व्हॉल्व्हच्या ठशाखाली क्लेचा थर किती जाड उरतो ते मोजा, नाहीतर पहिल्याच किकला व्हॉल्व्ह वाकतील. आणि हेड खाली आलं की टायमिंग चेन सैल पडते, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम किंचित मागे जातो. तोही तपासा. मे महिन्यात हैदराबाद रोडच्या चढावर लोडमध्ये कटकट आवाज आला तर जेट आणि इग्निशनकडे परत या.

तरी माझं मत विचाराल तर गाडी बाजूला ठेवा आणि विहिरीवरचं ५ एचपीचं डिझेल इंजिन घ्या. वीज आली तशी ती कमी झाली, पण मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याकडे लाइट गेली की अजून तीच धावून येतात. आणि त्यांची जेवढी हेळसांड होते तेवढी दुसऱ्या कुठल्या इंजिनाची होत नसेल.

पहिलं बघायचं ते कूलिंग. सर्रास पद्धत अशी की डिलिव्हरीच्या पाइपाला टोटी मारून विहिरीचं गार पाणी जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, सोडतात आणि ते दुसरीकडून पाटात पडतं. ‘इंजिन गार राहिलं की टिकतं’ हा ठाम समज. त्या बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरा: पाणी जेमतेम कोमट असतं. पूर्ण लोडला जॅकेटमधून काढायची उष्णता असते ३ किलोवॉटच्या आसपास. मिनिटाला १ लिटर पाणी सोडलं तरी ते ४३ अंशांनी तापेल, म्हणजे २७ चं ७० होईल, आणि तेवढंच हवं असतं. आपल्याकडे मात्र त्या धारेखाली बादली मिनिटात भरते. १५ लिटर गेले की पाणी तीनच अंश तापतं, लाइनर (सिलिंडरची आतली नळी) थंड राहतो, ज्वलन अर्धवट होतं, डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल थंड भिंतीवर सुटतं आणि लाइनर वेळेआधी झिजतो. माझ्याकडे असे लाइनर येतात: वरच्या रिंगच्या जागी नख अडकेल एवढा कडा, खाली बोअर अजून चकचकीत. मालक ऑइलला दोष देतो.

मग टोटी बारीक केली की झालं? नाही. बोअरवेलचं पाणी जड; तेच तापवून सतत नवं सोडलं तर जॅकेटमध्ये क्षार बसतात. शिवाय बारीक धार कचऱ्याने तुंबली तर इंजिनच धरेल. म्हणून २०० लिटरचं बॅरल उंचावर ठेवून तेच पाणी थर्मोसायफनने (गरम पाणी आपोआप वर, गार खाली, पंप न लावता) फिरवायचं. पाणी तेच राहिल्याने क्षार एकदाच बसतात, विहिरीतला गाळ आत येत नाही. सलग चार-पाच तास चालवलं तर बॅरल किती तापतं, एक पुरतं की दोन, हा अभ्यास अजून कुणी मांडून माझ्याकडे आणलेला नाही. तुम्ही आणा.

दुसरं लोड. पाण्याला गरज दोन-अडीच एचपीची आणि वर इंजिन पाचचं, हे नेहमीचं चित्र. विलन्स लाइन, म्हणजे लोड आणि डिझेलच्या खपाचा आलेख, तुम्ही लॅबमध्ये काढलीच असेल. नुसतं मोकळं फिरायलाच पूर्ण लोडच्या डिझेलचा पाव ते तिसरा हिस्सा जातो. त्यावर जाम झालेला फुटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तळाची झडप) आणि गरजेपेक्षा बारीक पाइप असला की इंजिनात काहीही न करता डिझेल वाचवायला जागा असते. इथे उलटी बाजूही लक्षात घ्या: सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, मे महिन्यात पारा ४३ वर. किनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा आपली हवा तेव्हा १४ टक्क्यांनी विरळ. म्हणजे पाटीवरचे ५ एचपी दुपारी दोन वाजता साधारण ४.३ च उरतात. लोड जुळवताना हा आकडा धरा.

टू-स्ट्रोकचं नाव एकाने घेतलंय, म्हणून एवढंच. डाळिंबाच्या बागेतल्या ब्रश कटरचा धूर बघून वाटतं तेवढं ते वाईट नाही. खरा तोटा जळण्याआधीच एक्झॉस्टमधून निसटणाऱ्या मिश्रणाचा, आणि तो जुन्या बनावटीत पाव हिश्श्याच्याही वर जातो. नवी मशिनं आधी नुसती हवा आत सोडून तो थोपवतात. कॉलेजच्या लॅबमध्ये ते पोर्ट कोरणं तुमच्या हातचं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

मोजमाप मात्र चोख ठेवा, त्याशिवाय बाकी सगळं गप्पा. इंधनाच्या लाइनला ५० मिलीचं ब्युरेट (खुणांची काचेची नळी), तीन वाटांचा कॉक, स्टॉपवॉच. ५ एचपीला पूर्ण लोडवर ५० मिली डिझेल अडीच-पावणेतीन मिनिटांत संपतं. प्रत्येक लोडला तीनदा घ्या, इंजिन तापून स्थिर झाल्यावरच घ्या आणि जॅकेटच्या पाण्याचं आत-बाहेरचं तापमान त्याच कागदावर लिहा. रोप ब्रेक (चाकाभोवती दोर आवळून इंजिनाची ताकद मोजायचं साधन) कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यात पडलेला असतोच. दोर बदलून घ्या, जुना सुकलेला असतो आणि लोडला धूर सोडतो.