टेबलावर ३ किलोचा ठोकळा, कप्पीवरून दोरी, खाली लोंबता २ किलो. मग दोरीतला ताण २० न्यूटन का नाही?

कारण २ किलोचं वजन खाली घसरतंय. ताण २० असता तर त्याच्यावरचं निव्वळ बल शून्य झालं असतं आणि त्याला वेगच आला नसता. आमच्या कोल्हापूरकडं आडावर घागर शेंदताना बघा: घागर अधांतरी धरली की दोर पूर्ण भार दाखवतो, दोर सैल सोडत घागर खाली जाऊ दिली की हात लगेच हलका होतो.

आता गणित. दोरी ताणली जात नाही, म्हणून दोघांचं त्वरण एकच, a. दोरीतला ताण T. घर्षण नाही, गुरुत्वत्वरण g = १० धरू. प्रत्येकाची आकृती वेगळी काढा, हे टाळू नका; सीईटीला बसणारी निम्मी पोरं इथंच घाई करतात असं माझं मत.

ठोकळा: T = ३a
लोंबतं वजन: २० − T = २a

बेरीज केली की T उडतो. २० = ५a, म्हणजे a = ४ मी/से², आणि T = १२ न्यूटन. लोंबत्या वजनासाठी खालची दिशा धन घेतली, कारण ते तिकडंच जातं.

कप्पी हलकी आणि घर्षणरहित असेल तरच दोन्ही बाजूंचा ताण सारखा. कप्पीला वस्तुमान दिलं असेल तर T₁ आणि T₂ वेगळे धरून कप्पीच्या फिरण्याचं तिसरं समीकरण मांडावं लागतं.