खाडीकाठच्या गावात पर्यावरण आणि इतिहास यांवरची व्याख्याने वेगळी ठेवावीत का?

खाडीकाठच्या आपल्या गावात नदीखोऱ्याचे पर्यावरण आणि स्थानिक इतिहास यांवर जाहीर व्याख्याने योजायची आहेत, तर मालिका दोन कराव्यात की एक, असे आपण विचारले आहे. चिपळूण परिसरात वाशिष्ठी नदीवरच्या अशा व्याख्यानांना मी काही वर्षे हातभार लावला आहे. मालिका एकच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

चिपळूणजवळच्या गोवळकोट या जुन्या खाडीबंदराचेच पाहा. मुंबईहून दाभोळला आगबोटीने आलेला माल पुढे पडावांतून, म्हणजे मालवाहू होड्यांतून, भरतीच्या पाण्यावर, गोवळकोट बंदरात येई आणि तिथून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. हा इतिहास सांगताना घाटरस्ता येतो तसा खाडीतला गाळही येतो, आणि गाळ आला की सह्याद्रीच्या उतारावरची झाडे आणि पहिल्या पावसात मातीने लाल होणारे पऱ्हे, म्हणजे लहान ओढे, यांना वगळता येत नाही. एका व्याख्यानानंतर एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हाला धक्क्यावर घेऊन गेले आणि पूर्वी पडाव कोणत्या पायरीला लागत, ते त्यांनी दाखवले. त्या वेळी ओहोटी होती आणि पायरीखाली नुसता चिखल होता.

वाशिष्ठीच्या बाबतीत तर खोऱ्याची सीमाच माणसाने बदलली आहे. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी कृष्णेची उपनदी, पण 1960च्या दशकापासून तिचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरवले जाते आणि अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येते. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांमध्ये वाटप ठरवणाऱ्या कृष्णा लवादाने कोयनेचे पाणी असे पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घातली. 22 जुलै 2021च्या महापुरानंतर अतिवृष्टी, भरती, गाळ आणि अवजल यांपैकी कशाचा वाटा किती, यावर चिपळुणात मोठा वाद झाला; हा मागचा इतिहास ठाऊक नसेल, तर तो वाद नीट समजत नाही.

व्याख्यान शक्यतो सभागृहाऐवजी धक्क्यावर ठेवा आणि दिवस तिथी पाहून ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना आडाखा आहे. त्यानुसार षष्ठीला खाडीच्या मुखाशी साधारण साडेचारला पूर्ण भरती होते आणि आत ती उशिरा पोहोचते. त्यामुळे चारला सुरुवात केली, तर वक्ता बोलत असतानाच श्रोत्यांना पाणी पायऱ्या चढताना दिसेल.